वेसेक्सचा राजा आल्फ्रेड

राजाची थोरवी बहुधा त्याच्या राज्याच्या विस्तारावरून मोजण्याची रीत आहे. या मापानें मोजूं लागलों तर आल्फ्रेड राजाला मोठ्या राजांच्या पंक्तींत बसवितां येणार नाहीं. त्याचें राज्य इंग्लंडच्या दक्षिण भागापुरतें होतें. आणि तेंहि एकदां त्याच्या हातून जवळजवळ गेलें होतें. शरीरानें तो नेहमींचा दुखणाईत. बालपणीं त्याला अक्षरओळखहि झाली नव्हती. तरीहि इंग्लंडच्या भूमींत जन्मास आलेल्या राजांपैकीं ज्या एकाच्याच नांवामागें लोक थोर हें विशेषण लावतात, तो हाच राजा होय. असें कां व्हावें? याचें उत्तर हवें असेल तर त्याचें चरित्र आणि त्याच्या काळच्या लोकांची राहणी हीं दोन्हीं बरोबरच पाहिलीं पाहिजेत. कारण आल्फ्रेडचें मोठेपण केवळ त्याच्या पराक्रमांत नाहीं. राज्याचा भार कोणाकोणाच्या खांद्यावर उभा आहे हें त्यानें ओळखलें, व त्या सर्वांना ज्ञानाची वाट मोकळी करण्यासाठीं तो आयुष्यभर झटला, यांत तें आहे.

नवव्या शतकांत इंग्लंड हें एक राष्ट्र नव्हतें. नॉर्थम्ब्रिया, मर्शिया, पूर्व अँग्लिया आणि वेसेक्स अशीं चार मुख्य राज्यें तेथें होतीं. त्यांपैकीं वेसेक्स हें टेम्स नदीच्या दक्षिणेकडील राज्य. बहुतेक सर्व लोक खेड्यांत राहत. घरें लाकडाचीं व गवतानें शाकारलेलीं असत. घराच्या मधोमध आगटी पेटलेली असे. धुराडें नसल्यामुळें धूर छपरांतूनच आपली वाट काढी. जवाची भाकर, वाटाण्यांचें व शेंगांच्या दाण्यांचें कालवण, दूध, चीज आणि जवाची दारू हें रोजचें अन्न. साखर कोणास ठाऊक नव्हती. गोडी काय ती मधाची. बटाटा युरोपांत येण्यास तर अजून सातशें वर्षें अवकाश होता. शरद् ऋतूंत डुकरांचे कळप रानांत नेऊन ओक वृक्षाच्या फळांवर चारीत. बायका हातचातीवर लोंकर कातीत आणि उभ्या मागावर कापड विणीत. शेत नांगरणें हें सर्वांत कष्टाचें काम होतें. जड जमिनींत एका नांगराला आठ बैलांपर्यंत जुंपावे लागत. एक पीक बुडालें कीं सारें गांव उपाशी पडे.

या समाजाची रचना एखाद्या जिन्यासारखी होती. सर्वांत वर राजा. त्याच्या खालीं एल्डरमन, म्हणजे एकेका परगण्याचा सुभेदार. त्याच्या खालीं थेन, म्हणजे राजाची चाकरी करून जमीन उपभोगणारा सरदार. त्याच्या खालीं चेओर्ल, म्हणजे स्वतंत्र शेतकरी. आणि सर्वांत खालीं गुलाम. युद्धांत पकडलेला, दंड भरूं न शकलेला, अथवा गुलाम आईबापांच्या पोटीं जन्मलेला मनुष्य गुलामगिरींत खितपत पडे. प्रत्येकाच्या प्राणाची किंमत कायद्यानें ठरविलेली असे. सरदाराचा वध झाला तर मारणाऱ्याला त्याच्या नातलगांस १२०० शिलिंग द्यावे लागत. शेतकऱ्याचा झाला तर २००. वेसेक्सचा शिलिंग पांच पेनींचा होता, आणि पुढें आल्फ्रेडच्या नातवाच्या काळीं एका बैलाची किंमत ३० पेनी धरलेली आढळते. म्हणजे एका शेतकऱ्याच्या प्राणाची किंमत सुमारें तेहतीस बैल इतकी झाली. गुलामाची भरपाई मात्र मुख्यतः त्याच्या मालकाला मिळे, जशी मेलेल्या जनावराची मिळावी तशी. ही व्यवस्था आज आपणांस विचित्र वाटते. परंतु तिचा हेतु असा कीं, एका खुनाचा सूड दुसऱ्या खुनानें घेत घेत कुळेंच्या कुळें नष्ट होऊं नयेत.

अशा समाजांत आल्फ्रेडचा जन्म इ. स. ८४९ च्या सुमारास वाँटेज येथील राजवाड्यांत झाला. त्याचा पिता एथेलवुल्फ हा वेसेक्सचा राजा, व माता ऑस्बर ही थोर कुळांतील धर्मशील स्त्री होती. आल्फ्रेडला चार वडील भाऊ असल्यामुळें तो कधीं सिंहासनावर बसेल असें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. चार वर्षांचा असतांना, ८५३ सालीं, बापानें त्याला रोम शहरीं पाठविलें. तेथें पोप चौथा लिओ यानें त्याचा सन्मानपूर्वक स्वीकार केला. दोन वर्षांनीं तो पुनः पित्याबरोबर रोमला गेला आणि तेथें वर्षभर राहिला. गवती छपरांच्या देशांतून आलेल्या त्या बालकानें तेथें दगडाचीं भव्य मंदिरें व जुन्या रोमन वैभवाचे अवशेष पाहिले.

त्याच्या बालपणची एक गोष्ट त्याचा चरित्रकार अ‍ॅसर यानें लिहून ठेवली आहे. अ‍ॅसर हा वेल्समधील एक धर्मोपदेशक. तो राजाच्या दरबारीं होता व त्यानें हें चरित्र ८९३ सालीं, म्हणजे राजाच्या हयातींतच, लिहिलें. एके दिवशीं आईनें आपल्या मुलांना इंग्रजी कवितांचें एक पुस्तक दाखविलें. पहिलें अक्षर रंगांनीं सुंदर चितारलेलें होतें. जो तें सर्वांत आधीं शिकेल त्याला तें पुस्तक मिळेल, असें तिनें सांगितलें. आल्फ्रेडला वाचतां येत नव्हतें. तो पुस्तक घेऊन गुरूकडे गेला, त्याच्याकडून तें वाचून घेतलें, आणि आईपुढें येऊन सर्व कविता मुखोद्गत म्हणून दाखविल्या. पुस्तक त्यानें जिंकलें. पण वाचनाची विद्या त्याला बारा वर्षांपर्यंत आणि त्यापुढेंहि मिळाली नाहीं. ही खंत त्यानें जन्मभर बाळगली. वय आणि फुरसत होती तेव्हां शिक्षक नव्हते. पुढें शिक्षक मिळाले तेव्हां राज्याचा भार, शत्रूंची धास्ती आणि शरीराचें दुखणें यांनीं त्याला सवड दिली नाहीं. तें दुखणेंहि विलक्षण होतें. ८६८ सालीं मर्शियाच्या ईल्सविथ हिच्याशीं त्याचा विवाह झाला, त्या समारंभांतच त्याला अकस्मात् असह्य वेदना सुरू झाल्या. आणि पुढें वर्षानुवर्षें त्या त्याला छळीत राहिल्या. त्या काळच्या वैद्यांना रोगाचें कारण सांगतां आलें नाहीं.

या सुमारास उत्तर समुद्रापलीकडून डेन लोकांच्या टोळ्या इंग्लंडवर कोसळत होत्या. ७९३ सालीं लिंडिस्फार्न येथील मठ उत्तरेकडच्या या दर्यावर्दी लुटारूंनीं लुटला, तेव्हांपासून हें संकट सुरू झालें होतें. पूर्वी ते उन्हाळ्यांत येत आणि लूट घेऊन परत जात. ८६५ मध्यें मात्र त्यांचें मोठें सैन्य ठाण मांडण्यासाठींच आलें. ८६६ सालीं यॉर्क पडलें. ८६९ सालीं पूर्व अँग्लियाचा राजा एडमंड मारला गेला. मठ जळाले, आणि मठांबरोबर पुस्तकें व तीं वाचूं शकणारे लोकहि नाहींसे झाले. ८७१ सालीं डेन वेसेक्सवर चालून आले. त्या एका वर्षांत लढाईमागून लढाई झाली. अ‍ॅशडाउन येथें आल्फ्रेड व त्याचा भाऊ राजा एथेलरेड यांनीं शत्रूचा पराभव केला. परंतु इतर ठिकाणीं हार खावी लागली. ईस्टरनंतर एथेलरेड मरण पावला आणि सुमारें बावीस वर्षांचा आल्फ्रेड राजा झाला. त्या वेळीं त्याला द्रव्य देऊन शत्रूशीं तह करावा लागला. मानी तरुणाला हें किती जड गेलें असेल!

यापेक्षांहि कठीण प्रसंग पुढें यावयाचा होता. ८७८ च्या जानेवारींत, नाताळचा सण नुकताच संपला असतांना, डेन राजा गुथ्रम यानें चिपनहॅम येथें अकस्मात् छापा घातला. हिवाळ्यांत कोणी लढत नसे. म्हणून लोक बेसावध होते. कित्येक समुद्रापार पळाले, कित्येक शत्रूला शरण गेले. आल्फ्रेड थोडक्या सोबत्यांनिशीं सॉमरसेटच्या दलदलींत शिरला. काल जो राजा होता, तो आज वेताच्या बेटांतून व चिखलांतून लपत फिरत होता, आणि जें मिळेल तें खाऊन दिवस कंठीत होता.

याच काळची एक लोकप्रिय कथा आपल्यापैकीं पुष्कळांनीं वाचली असेल. एका गरीबाच्या झोंपडींत आल्फ्रेडनें आश्रय घेतला. घरधणिणीनें चुलीवरच्या भाकऱ्यांकडे लक्ष ठेवण्यास सांगितलें. राजा विचारांत गढून गेला, भाकऱ्या करपल्या, आणि तो कोण हें ठाऊक नसल्यामुळें बाईनें त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. ही कथा अ‍ॅसरनें लिहिलेली नाहीं. ती सुमारें शंभर वर्षांनंतरच्या एका साधुचरित्रांत प्रथम आढळते. म्हणून ती इतिहास म्हणून स्वीकारतां येत नाहीं. तथापि लोकांना ती खरी वाटावी, यालाहि कांहीं कारण आहे. जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवरचा मनुष्य त्या हिवाळ्यांत खालच्या पायरीवर येऊन बसला होता, आणि खालच्या लोकांच्या भाकरीवांचून आपण जगूं शकत नाहीं हें त्याला कळून चुकलें असलें पाहिजे, असें लोकांच्या मनानें घेतलें.

ईस्टरच्या सुमारास आल्फ्रेडनें दलदलींतील अ‍ॅथेल्नी नांवाच्या उंचवट्यावर लहानसा कोट बांधला आणि तेथून शत्रूवर छापे घालण्यास आरंभ केला. मे महिन्यांत त्यानें ठरविलेल्या जागीं सॉमरसेट, विल्टशायर आणि हॅम्पशायर या परगण्यांतील लोक गोळा झाले. राजा जिवंत आहे हें पाहून त्यांच्या आनंदास पारावार राहिला नाहीं. दोन दिवसांनीं एडिंग्टन येथें घनघोर लढाई झाली व गुथ्रमचा पुरा मोड झाला. आल्फ्रेडनें त्याला चिपनहॅमच्या तटापर्यंत पिटाळलें, आणि चौदा दिवस वेढा घालून, भुकेनें व थंडीनें जेर करून, शरण यावयास लावलें.

आतां सूड घेण्याची वेळ होती. डेन लोकांनीं एडमंड राजाला ठार मारलें होतें, मठ जाळले होते, दिलेलीं वचनें अनेक वेळां मोडलीं होतीं. तरी आल्फ्रेडनें गुथ्रमला जीवदान दिलें. तीन आठवड्यांनीं गुथ्रम आपल्या तीस प्रमुख लोकांसह अ‍ॅथेल्नीजवळच्या अ‍ॅलर गांवीं आला. त्याचा बाप्तिस्मा झाला आणि आल्फ्रेड स्वतः त्याचा धर्मपिता झाला. पुढें दोघांमध्यें राज्याची सीमा ठरविणारा तहहि झाला. गुथ्रम पूर्व अँग्लियांत जाऊन राहिला, व वेसेक्सला श्वास घेण्यास अवसर मिळाला. ८८६ सालीं आल्फ्रेडनें लंडन शहर घेऊन तें पुनः वसविलें, आणि मर्शियाच्या एथेलरेडच्या हवालीं केलें. या एथेलरेडला त्यानें आपली कन्या एथेलफ्लेड दिली होती.

शांततेचीं हीं वर्षें आल्फ्रेडनें आळसांत घालविलीं नाहींत. शत्रु पुनः येणार हें तो जाणून होता. जुन्या पद्धतीप्रमाणें हांक गेली कीं शेतकरी शस्त्र घेऊन धांवून येई. पण कापणीचा हंगाम आला कीं त्याचें मन शेताकडे ओढ घेई. तो घरीं न गेला तर पीक बुडे, आणि गेला तर राज्य बुडे. यावर आल्फ्रेडनें असा उपाय काढला कीं, सैन्याचे दोन भाग करावे. एक भाग लढावा आणि एक घरीं राहून शेती पाहावी. यांखेरीज देशभर सुमारें तीस तटबंदीचीं ठाणीं उभीं राहिलीं. त्यांचा हिशेब त्याच्या मुलाच्या काळच्या एका यादींत आजहि वाचावयास मिळतो. एका कुटुंबाच्या पोटापुरत्या जमिनीला हाइड म्हणत. दर हाइडमागें एक मनुष्य तटावर द्यावयाचा, आणि दर साडेपांच यार्ड तटासाठीं चार माणसें धरावयाचीं. विंचेस्टर शहराच्या वांट्याला २४०० माणसें आलीं होतीं. या हिशेबानें निघणारी तटाची लांबी तेथील जुन्या रोमन तटाच्या लांबीशीं जवळजवळ तंतोतंत जुळते. सर्व ठाणीं मिळून सुमारें २७००० माणसें लागत. हीं माणसें म्हणजे बहुतांशीं तेच साधे शेतकरी होत. ही योजना निर्दोष होती असें नाहीं. ८९३ सालीं एका वेढ्यांत पहिल्या पाळीची मुदत संपली, शिधा सरला, दुसरी पाळी वाटेवरच होती, आणि लोक घरीं निघून गेल्यामुळें घेरलेला शत्रु वांचला. तरीपण देश तरला तो याच योजनेनें.

या अनुभवांतून आल्फ्रेडच्या मनांत राज्याविषयीं एक विचार पक्का झालेला दिसतो. बोएथियस या रोमन तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथाचें जें इंग्रजी भाषांतर आल्फ्रेडच्या नांवानें चालत आलें आहे, त्यांत मूळ ग्रंथांत नसलेला एक भाग घातला आहे. त्याचा आशय असा कीं, कारागिराला जशीं हत्यारें लागतात तशीं राजालाहि लागतात. प्रार्थना करणारे, लढणारे आणि श्रम करणारे हे तीन प्रकारचे लोक म्हणजे राजाचीं हत्यारें होत. आणि त्यांना जमीन, अन्न, वस्त्र व शस्त्र न पुरविलें तर एकहि काम तडीस जाणार नाहीं. मध्ययुगीन युरोपांत समाजाचे हे तीन वर्ग पुढें सर्वत्र मानले गेले; इंग्लंडांत हा विचार प्रथम येथें नमूद झालेला आढळतो. इतरांनीं पुढें या कल्पनेचा उपयोग श्रमकऱ्याला त्याच्या जागीं दाबून ठेवण्यासाठींहि केला. आल्फ्रेडच्या ग्रंथांत मात्र तिच्यांतून राजाचें कर्तव्य काढलें आहे, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आपल्या उत्पन्नाचे तो दोन भाग करी. एका भागांतून चाकरीच्या सरदारांना, देशोदेशच्या कारागिरांना व परदेशीय पाहुण्यांना देई. दुसरा गोरगरीब, मठ व शाळा यांसाठीं वेगळा काढी. सरदारांनीं एक महिना दरबारीं चाकरी करावी आणि दोन महिने आपल्या घरचें पाहावें असा नियम होता. वेळेचा अपव्यय होऊं नये म्हणून त्यानें मेणबत्त्यांचें घड्याळ केलें. बारा इंच लांबीची, इंचाइंचावर खुणा केलेली एक बत्ती चार तास जळे. सहा बत्त्यांत दिवस आणि रात्र पुरी होई. पण तंबूच्या फटींतून वारा येऊन बत्त्या लौकर जळूं लागल्या. तेव्हां त्यानें लांकूड आणि बैलाच्या शिंगाचे पातळ पापुद्रे यांचा कंदील करविला.

या सर्व कार्यांहून आल्फ्रेडच्या अंतःकरणाला जवळचें असें एक कार्य होतें, आणि तें म्हणजे विद्येचा पुनरुद्धार. त्या काळीं विद्या म्हणजे लॅटिन. तो गादीवर आला तेव्हां टेम्सच्या दक्षिणेस लॅटिन समजून तिचें इंग्रजी करूं शकेल असा एकहि मनुष्य त्याला आठवत नव्हता. मठांत पुस्तकें होतीं तेव्हांहि तीं वाचणारे थोडे होते, आणि पुढें तीं पुस्तकेंहि जळालीं. मोडलेला तट पुनः उभारतां येतो. पण ज्या लोकांना आपल्याच पूर्वजांचें ज्ञान वाचतां येत नाहीं, त्यांच्या तटांचें रक्षण तरी कोण आणि कशासाठीं करणार? म्हणून त्यानें मर्शियांतून प्लेगमंड व वेअरफर्थ, वेल्समधून अ‍ॅसर, फ्रँक लोकांच्या देशांतून ग्रिमबाल्ड आणि सॅक्सनीहून जॉन असे विद्वान् जमविले. सर्वांना जीं पुस्तकें अवश्य ठाऊक असावीं तीं इंग्रजींत आणावयाचीं, असा त्यानें संकल्प केला. अडतिसाव्या-एकोणचाळिसाव्या वर्षीं तो स्वतः लॅटिन वाचून तिचा अर्थ लावूं लागला. धर्माध्यक्षांच्या कर्तव्याविषयींचा पोप ग्रेगरीचा ग्रंथ, बोएथियसचा ग्रंथ, संत ऑगस्टिनचें आत्मचिंतन आणि पहिलीं पन्नास स्तोत्रें यांचीं भाषांतरें त्याच्या नांवावर आहेत. त्यांतलें त्याच्या हातचें किती व सहायकांचें किती, याविषयीं आज विद्वानांत मतभेद आहे. पण प्रेरणा त्याची होती यांत संशय नाहीं.

भाषांतराची रीतहि मोठी हृद्य आहे. बोएथियसनें एका जुन्या रोमन पुरुषाचें नांव घेऊन त्याच्या अस्थि आतां कोठें आहेत असें विचारलें आहे. तो रोमन पुरुष वेसेक्सच्या लोकांना काय ठाऊक? म्हणून तेथें वेलंड लोहाराचें नांव घातलें आहे. हा वेलंड त्यांच्या लोककथांतील प्रसिद्ध कारागीर होता. परक्या देशाचें ज्ञान आपल्या लोकांच्या अंगणांत आणून ठेवणें तें हेंच.

स्वतंत्र कुळांतील ज्या ज्या मुलांना साधन आहे त्यांनीं निदान इंग्रजी नीट वाचतां येईपर्यंत शिकावें, आणि ज्यांना पुढें जावयाचें असेल त्यांनीं मग लॅटिन शिकावें, असा त्याचा मनोदय होता. दरबारांत त्यानें शाळा काढली. तींत त्याचा धाकटा मुलगा एथेलवेअर्ड शिके, सरदारांचीं मुलें शिकत, आणि त्यांच्या शेजारीं हलक्या कुळांतलीं मुलेंहि बसत.

पण मुलांपेक्षां वडील माणसांची शाळा अधिक मनोरंजक होती. परगण्यापरगण्यांत न्याय देण्याचें काम एल्डरमन व राजाचे कारभारी करीत. राजा त्यांचे निवाडे तपासूं लागला, तेव्हां पुष्कळांचा न्याय अज्ञानामुळें चुकलेला त्याला आढळला. त्यानें त्यांना बोलावून सांगितलें कीं, एक तर विद्या शिका, नाहीं तर अधिकार सोडा. हे लोक जन्मभर तरवार धरलेले. पण अधिकार गमावण्यापेक्षां अक्षरें गिरविणें त्यांनीं पतकरलें. ज्यांना म्हातारपणामुळें वा मंद बुद्धीमुळें तें साधेना, त्यांनीं आपला मुलगा, आप्त, अथवा दुसरें कोणी न मिळाल्यास आपला गुलाम शिकविला, आणि त्याच्याकडून रात्रंदिवस पुस्तकें वाचवून घेतलीं. आपण लहानपणीं शिकलों नाहीं म्हणून ते उसासे टाकीत, आणि आजचीं मुलें किती भाग्यवान् असें म्हणत. केवढें दृश्य हें! बाजारांत ज्याची किंमत जनावराप्रमाणें होई, त्या गुलामाच्या पायांशीं, नव्हे त्याच्या शब्दांशीं, त्याचा मालक विद्यार्थी होऊन बसला होता.

आल्फ्रेडनें गुलामगिरी नाहींशी केली असें मात्र नाहीं, आणि तसें म्हणणें सत्यास सोडून होईल. त्यानें कायद्याचें जें पुस्तक सिद्ध केलें, त्याचा आरंभ दहा आज्ञांनीं होतो, आणि दुसऱ्यानें आपल्याशीं जसें वागूं नये असें वाटतें तसें आपण दुसऱ्याशीं वागूं नये, एवढें ध्यानांत ठेवलें तर न्याय करण्यास दुसरें पुस्तक नको, असा त्यांत उपदेश आहे. तरीपण त्याच कायद्यांत स्वतंत्र मनुष्यांस नाताळ, ईस्टर, सुगी वगैरे मिळून वर्षांत सुमारें पांच आठवडे सुटी दिली आहे. गुलामांना केवळ चार बुधवार. त्या चार दिवसांत, दानांत मिळालेली किंवा फावल्या वेळीं मिळविलेली वस्तु त्यांनीं स्वतः विकावी, एवढी मुभा. आज आपणांस हें फार थोडें वाटतें, आणि तें थोडेंच होतें. आपल्या मृत्युपत्रांत मात्र डॅमरहॅम येथील लोकांना आपला धनी निवडण्याचें स्वातंत्र्य द्यावें, अशी त्यानें विनंति केली आहे. त्याच्या काळाच्या भिंती त्यालाहि पुऱ्या ओलांडतां आल्या नाहींत. पण त्यांत त्यानें एखादें दार उघडलें.

त्याची जिज्ञासा आपल्या राज्यापुरती नव्हती. नॉर्वेच्या अगदीं उत्तरेकडून आलेल्या ओथेरे नांवाच्या दर्यावर्द्यानें त्याला रेनडिअर, वॉलरसचे दांत आणि हिमसमुद्रांतील प्रवास यांची हकीगत सांगितली. ती त्या काळच्या एका इतिहासग्रंथांत समाविष्ट झाली. अँग्लोसॅक्सन बखरींत ८८३ सालाखालीं एक नोंद आपणां हिंदी वाचकांस विशेष कुतूहलाची आहे. सिघेल्म व एथेल्स्टन या दोघांच्या हातीं राजानें रोमला, आणि हिंदुस्थानांत प्रेषित थोमा व बर्थलमय यांच्या स्थानीं, दानधर्म पाठविला असें तींत म्हटलें आहे. कांहीं हस्तलिखितांत हिंदुस्थानाच्या जागीं यहूदिया असें वाचावयास मिळतें, त्यामुळें विद्वानांचें एकमत नाहीं. पण आपल्या देशाचें नांव अकराशें वर्षांपूर्वीं वेसेक्सच्या राजाशीं जोडलेलें सांपडावें, हेंहि कांहीं थोडें नव्हे.

८९२ सालीं डेन पुनः आले. या वेळीं मात्र तटबंदीचीं ठाणीं तयार होतीं. चार वर्षें झुंजूनहि त्यांना वेसेक्स घेतां आलें नाहीं, आणि ८९६ मध्यें त्यांचें सैन्य पांगलें. त्याच वर्षीं आल्फ्रेडनें साठ किंवा अधिक वल्ह्यांचीं लांब जहाजें बांधविलीं. २६ ऑक्टोबर ८९९ रोजीं, सुमारें पन्नास वर्षांचा असतांना, तो ख्रिस्तवासी झाला. त्याला विंचेस्टर येथें पुरलें. पुढें त्याची शवपेटी दोनदां हलविण्यात आली, आणि शेवटीं मठ मोडले गेले तेव्हां थडगेंहि नाहींसें झालें. त्याचा पुत्र एडवर्ड व कन्या एथेलफ्लेड यांनीं डेन लोकांकडून बराच मुलूख परत मिळविला, आणि नातू एथेल्स्टन ९२७ सालीं सर्व इंग्रजांचा राजा झाला. थोर ही पदवी आल्फ्रेडला त्याच्या हयातींत मिळाली नव्हती. ती सोळाव्या शतकापासून रूढ झाली.

१६९३ सालीं अ‍ॅथेल्नीपासून कांहीं मैलांवर जमिनींत सोन्याचा एक सुंदर दागिना सांपडला. तो आल्फ्रेडनें करविला असें त्यावर इंग्रजी अक्षरांत कोरलें आहे. ग्रेगरीच्या भाषांतराच्या प्रतींबरोबर त्यानें धर्माध्यक्षांकडे ज्या मूल्यवान् वस्तु पाठविल्या होत्या, त्यांपैकीं ही एका वाचनकांडीची मूठ असावी असें पुष्कळांचें मत आहे. हा दागिना ऑक्सफर्डच्या संग्रहालयांत आहे. ज्या प्रदेशांत तो राजा उपाशी लपला होता, त्याच प्रदेशांत त्याच्या मागें तरवार न सांपडतां पुस्तकाच्या ओळीवर फिरविण्याची कांडी सांपडावी, हा योगायोग मोठा सूचक आहे.

विद्यार्थीमित्रहो, वेसेक्सच्या वृद्ध न्यायाधीशांना ज्या दिवसांचा हेवा वाटला ते दिवस आपल्या वांट्याला सहज आलेले आहेत. आपल्या हातांत पुस्तक आहे, तें शिकविणारे गुरु आहेत, आणि आपली मातृभाषा आहे. आल्फ्रेडला हीं तिन्ही एकाच वेळीं कधीं लाभलीं नाहींत. म्हणून त्यानें तीं दुसऱ्यांसाठीं मिळविलीं. आपल्या घरीं ज्यांच्या श्रमानें चूल पेटते, त्यांच्यापैकीं ज्यांना अक्षरओळख नसेल, त्यांच्याजवळ बसून एखादें पान जर आपण वाचून दाखविलें, तर या राजाचें चरित्र आपण खऱ्या अर्थानें वाचलें असें होईल.